जुवाची मोकळी बाजू

काल कागदीपुऱ्यात कागद घ्यायला गेलो होतो. तिथं घरोघरच्या भिंतींना ओले ताव चिकटवून वाळत घातलेले असतात आणि गल्लीभर भिजल्या गोणपाटाचा आंबूस वास असतो. तो वास नाकात घेऊन परत फिरलो तो पाय बुधवार पेठेकडे वळले. मी वळवले नाहीत. सावकारांच्या पेढीची ओटी अजून आहे तिथं. पेढी नाही. ओटीवर एक अत्तरवाला बसतो, लाकडी पेटीत कापसाचे बोळे मांडून. काय देऊ बाबा, म्हणाला. मी म्हटलं काही नको, जरा टेकू दे. टेकलो. दगड तसाच गार, भर दुपारी गार. आणि त्या मोगऱ्या-वाळ्याच्या दाटीतून, खोटं सांगत नाही, मला शाईचा वास आला. काजळ आणि डिंक खलून केलेल्या शाईचा. वाटलं, आत कारकून केसोपंत बसलेत, हातात बोरू आहे, आणि माझं काय व्हायचं ते अजून व्हायचंच आहे.

म्हणून घरी आल्याआल्या हे लिहायला बसलो. माझं अक्षर बैल मुतल्यासारखं वाकडं जातं. जाऊ दे. ज्याला वाचायचंय तो वाचील.

त्या पेढीत शिरलं की आधी गारवा लागायचा, मग अंधार, मग हळूहळू माणसं दिसायची. पांढऱ्या गाद्या, तक्के, उतरती मेजं, आणि मेजामागं कारकून मांडी घालून बसलेले. बोलणं कमीच. बोरूची करकर तेवढी. सुगरण खोपा विणते तशी बारीक, न थांबणारी. मध्येच कुणी दौतीवर बोरू झटकी, टप्. मध्येच कुणी ओल्या शाईवर वाळू शिंपडून कागद झटकी, सर्र. भिंतीशी तांबड्या कापडात बांधलेल्या दफ्तरांची चळत छताला टेकलेली. मला वाटायचं, अख्खं पुणं इथं गाठोड्यात बांधून ठेवलंय.

आमच्या वेळी नाव कारकून लिही आणि नावाशेजारी निशाणी ज्याची त्यानं काढायची. कुणब्यानं नांगर काढावा, शिंप्यानं कात्री, न्हाव्यानं आरसा, शिपाईगड्यानं कट्यार. बाईमाणूस असेल तर बांगडी. ठेव ठेवताना एकदा काढायची आणि परत न्यायला आलं की पुन्हा काढायची. मग कारकून जुना कागद सोडून दोन्ही शेजारी शेजारी धरी. निशाणी जुळली तर ठेव हातात. नाही जुळली तर घरी. मग तू सख्खा ओळखीचा अस, नाहीतर कुणी अस. आता पेठेत बघतो तर हलवाईसुद्धा अक्षरात सही करतो. करोत बापडे. त्या अक्षरांत मला माणूस दिसत नाही. आरसा काढलेला दिसला की कानाशी वस्तऱ्याचा आवाज यायचा.

आमचं वारजं त्या वेळी मुठेच्या काठाला धरून बसलेलं लहानसं गाव. माघाचे दिवस होते. शाळू निसवला होता. सकाळी कणसांवर दहिवर, आणि हुरड्याच्या आगटीचा धूर साऱ्या शिवारात. अशा वेळी हूल उठली. कुणाची फौज, कुठून येते, कुणाला धड ठाऊक नाही. गावात पळापळ. तांब्याची भांडी उकिरड्यात पुरली गेली, म्हशी डोंगराकडं हाकल्या गेल्या. आईनं गळ्यातली चांदीची सरी काढली. तिची ती एकच वस्तू. बोटाएवढी जाड, पुढं मुरड घातलेली, वापरून वापरून आतून आरशासारखी झालेली. ती म्हणाली, पेढीवर टाकून ये, सून नांदायला आली की तिच्या गळ्यात पडू दे.

सून म्हणजे चिमा. आमचं लग्न लहानपणीच झालं होतं, पण ती अजून बापाकडं, येरवड्याला. मी लकडी पूल ओलांडून पेठेत आलो, सरी फडक्यात, फडकं कमरेला. केसोपंतांनी नाव विचारलं, लिहिलं, आणि बोरू पुढं करून म्हणाले, नांगर काढ.

मी शेजारचा कागद बघितला. त्यावर नांगर. त्याच्या वरच्यावर नांगर. सगळे एकासारखे एक. मी म्हटलं, पंत, मग माझा कुठला हे तुम्हाला कसं कळणार. ते म्हणाले, शेजारी नाव आहे की. मी म्हटलं, नाव तुम्ही लिहिलंत, ते मला वाचता येत नाही. निशाणी मी काढणार, तर ती माझी दिसली पाहिजे.

पंतांनी माझ्याकडं पाहिलं. तोंडावर रेघ हलली नाही. म्हणाले, "काढा. गाव, नदी, डोंगर, सगळं काढा. आम्हांस पत्ता शोधण्याचे श्रम नकोत."

मला टोमणा कळत होता, पण मी काढलं. फाळ काढला, हातात धरायचं रुमणं काढलं, लांब हाळीस काढली, तिच्या टोकाला आडवं जू. आणि जुवाच्या एका बाजूला माझा सोन्या. शेपटीसकट. दुसरी बाजू मोकळी ठेवली. कारण माझ्याकडं बैल एकच होता. दुसरा शेजाऱ्याचा. आमचा वारंगुळा असायचा, म्हणजे एक बैल त्याचा, एक माझा, आणि आळीपाळीनं दोघांची रानं नांगरायची. आता शेजाऱ्याचा बैल मी माझ्या निशाणीत कसा काढू? तो काही माझा नव्हे. पंत म्हणाले, जू लंगडं दिसतंय. मी म्हटलं, आहे तसं आहे.

हूल आली तशी विरली. फौज आलीच नाही. पण आई म्हणाली, सरी राहू दे तिथंच, सून येताना आणू. आणि पुढच्या आखाडात आई गेली. त्या वर्षी भाताच्या खाचरात चिखल तुडवताना मला सारखी ती सरी आठवायची. पेढीच्या अंधारात कुठल्या तरी पेटाऱ्यात पडलेली, आणि वर माझा सोन्या पहारा करतोय, असं.

सासऱ्याला आमच्यात मामा म्हणतात. माझे मामा सुभानजी, येरवड्याचे, उंचपुरे, भुवया पांढऱ्या आणि जिभेला धार. एका दिवाळीला लेक धाडायची बोलणी करायला ते वारज्याला आले. गोठ्यात दोन बैल पाहून खूश झाले. पानात भाकरी वाढलेली, वर गरम पिठलं, लसणीचा वास सुटलेला. आणि तेवढ्यात शेजारी आला आणि आपला बैल सोडून घेऊन गेला. मामांनी घास तसाच ठेवला, हात धुतला, पागोटं चढवलं. दारातून म्हणाले, जोडी पुरी कर, मग लेक ने. मी काही म्हणालो नव्हतो की दोन्ही माझे. पण त्यांनीही विचारलं नव्हतं. दोघांनाही मान होता ना.

त्यानंतरची सालं मी कशी काढली ते सांगत नाही. एवढंच सांगतो की एका फाल्गुनात मी बाजारातून पाखऱ्याला घेऊन आलो. काय बैल होता तो. कोसा रंग, पाठीवर पिसासारखा पांढरा ठिपका, डावं शिंग जरा आत वळलेलं. रात्रभर मी त्याच्या रवंथीचा आवाज ऐकत पडलो. दोन बैलांच्या रवंथीचा आवाज वेगळा असतो, एकाचं थांबतं तेव्हा दुसऱ्याचं चालू असतं. घर भरल्यासारखं वाटतं.

चैत्रात निरोप धाडला. मामांचा उलट निरोप आला: पेढीवरच भेटू. सरी तिथं माझ्या डोळ्यांदेखत मिळाली आणि जोडी खरी निघाली, तर लेक तिथूनच वारज्याला. नाहीतर जशी आली तशी येरवड्याला, आणि मग पुन्हा बोलावू नका.

त्या दिवशीचं पुणं मला अजून असं दिसतं. हौदावर कात्रजचं पाणी भरणाऱ्या बायकांची ये-जा, वाड्यापुढच्या मंडईत पहिल्या कैऱ्यांचे ढीग, दूर कुठं तरी नगारा. मी शिंगांना तांबडा हुरमुंज लावून, घुंगरमाळा घालून गाडी आणली होती. पेठेतली पोरं मागं लागली. मला वाटत होतं की सारं शहर माझ्या पाखऱ्याकडं बघतंय. बघतच असणार.

मामा आधीच उभे होते, धोतराचा काठ नदीच्या पाण्यानं ओला. संगमाखालच्या उतारानं चालत आले होते. मागं चिमा, हिरवं लुगडं, पदर डोळ्यांपर्यंत. मामांनी बैलांभोवती एक फेरी मारली, पाखऱ्याचे दात बघितले आणि विचारलं, ह्यो कुणाचा. माझा, मी म्हटलं. बरं, म्हणाले. त्यांचं बरं म्हणजे पटलं नाही. चिमा ओटीच्या पायरीवर बसली. आम्ही दोघं आत.

केसोपंतांनी कागद पुढं केला, बोरू दिला. माझा हात आनंदानं हलका झाला होता. फाळ, रुमणं, हाळीस, जू. एका बाजूला सोन्या. आणि दुसऱ्या बाजूला, अहाहा, पाखऱ्या. वशिंड काढलं, आत वळलेलं शिंग काढलं, गळ्याखालची कातड्याची पोळीसुद्धा काढली, लोंबती. वाळू मीच शिंपडली.

पंतांनी तांबडं दफ्तर सोडलं, जुना कागद काढला, दोन्ही शेजारी धरले. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "मागल्या खेपेस एक होता. कागदावर बैल व्याला, हे आम्ही आजच पाहतो."

मी हसलो. पंत हसले नाहीत. निशाणी जुळत नाही, म्हणाले, ठेव देता येणार नाही. जुनी होती तशी एका बैलाची काढ, म्हणजे लगेच देतो.

मी मामांकडं पाहिलं. त्यांच्या भुवया वर गेल्या होत्या. पेढीवर एक आणि गाडीला दोन, ते सावकाश म्हणाले, जणू तोंडात खडा आलाय. सावकाराच्या घरचा कागद त्यांना देवाच्या जागी. गाडीचा बैल उसना मागून आणता येतो, कागदावरचा येत नाही, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं मला न शिकता वाचता आलं.

आता सांगा, मी एक बैल काढू कसा? काढला तर मामा म्हणणार, बघा, पाखऱ्या उसना. आणि त्याहून मोठं म्हणजे माझ्या मनात बसलं होतं की जो बैल आहे त्याला निशाणीतून वगळला तर तो दावणीवरूनही जातो. आमच्याकडं तेव्हा असंच समजत. निशाणी म्हणजे काही चित्र नव्हे, निशाणी म्हणजे आपण. मी म्हटलं, दोन आहेत, दोनच काढणार. पंत म्हणाले, मग घरी जा. मी म्हटलं, जाणार नाही. आवाज वाढला. बोरूंची करकर थांबली. आतून सावकार उठून आले, पांढरी दाढी, कपाळाला गंध. त्यांनी दोन्ही कागद बघितले. शांत माणूस.

"अरे बाबा," ते म्हणाले, "तुझे बैल आम्ही मोजत नाही. तू तोच आहेस की नाही, एवढंच आम्हांला पाहायचं. म्हणून होता तसा काढ."

"मी त्योच हाय, धनी," मी म्हटलं. "पर तसाच न्हाई."

सावकारांना माझं म्हणणं कळलं असावं, पण त्यांनी मान हलवली. नियम तो नियम. मामा उठले. ओटीकडं तोंड करून म्हणाले, "चल गं चिमे. ऊन व्हायच्या आत नदी उतरू."

बाहेर काकणं वाजली. इतकी सालं, आणि आता मी एक रेघ कमी काढली तर जोडी खोटी, जास्त काढली तर हात रिकामे. मी तिथंच गादीवर बसून राहिलो, बोरू मुठीत.

पण काकणांचा आवाज नदीकडं गेलाच नाही, आत आला. चिमा उंबऱ्यातून येऊन मेजापुढं उभी राहिली. पदर थोडा मागं सरकलेला. गोंदलेली हनुवटी, सावळी, नाक जरा बापासारखं. बापाकडं नाही बघितलं, माझ्याकडं नाही. पंतांना म्हणाली, जुना कागद दावा. पंतांसारखा माणूस, पण त्यांनी मुकाट्यानं पुढं केला. तिनं वाकून बघितला, बोट न लावता.

"ह्ये जू हितं मोकळं का?"

पंत म्हणाले, तुझ्या धन्यालाच विचार. मग मी सांगितलं. तेव्हा त्या जागी शेजाऱ्याचा बैल चालायचा, तो माझा नव्हता, म्हणून काढला नाही.

ती वळली. आता बापाकडं बघून बोलली, आणि आवाज चढवला नाही. "ऐकलंत का आबा. दुसऱ्याचा बैल ह्यांनी कागदावर सुदिक आपला म्हनून काढला न्हाई. मग आज काढतील व्हय?"

मामांनी वाकून जुना कागद पुन्हा एकदा बघितला. केसोपंतांनी दौत उगाच डावीकडून उजवीकडं सरकवली.

मग ती माझ्याशी बोलली. आयुष्यातलं पहिलं बोलणं. "तुमी व्हता तसा काढा. एकच बैल. मोकळी बाजू मोकळी ऱ्हाऊ द्या."

मी म्हटलं, आणि पाखऱ्या? त्याला काही झालं तर?

"काय हुत न्हाई. त्याच्या जागंवर मी हाय."

पंत सावध झाले. म्हणाले, जुन्या कागदात, म्हणजे ह्या ठेवीच्या नमुन्यात, बाईची निशाणी नाही. तिनं विचारलं, सरी कुणाच्या गळ्यात पडायची? देणाऱ्याची निशाणी घेता, तर घेणारीची नको का? पंतांनी सावकारांकडं पाहिलं. सावकार दाढीत हसले आणि म्हणाले, "केसोपंत, बाई बरोबर बोलते. घेणारीची पाहिजे."

नवा ताव आला. मी काढलं. फाळ, रुमणं, हाळीस, जू, सोन्या. शेपटीसकट, पहिल्या दिवशी होता तसाच. मग चिमानं मनगटातली हिरवी काचेची बांगडी उतरवली, जुवाच्या मोकळ्या टोकाला कागदावर टेकवली, एका हातानं दाबून धरली आणि बोरू सभोवार फिरवला. शाई बांगडीला लागली, बोटांना लागली. उचलली तेव्हा तिथं एक गोल होता. थोडा चेपलेला, जुवाला अगदी भिडलेला.

वाळू शिंपडली. सर्र.

सावकारांनी फडकं सोडलं. सरी काळवंडली होती, पण मुरड तीच. मी पुढं करणार तेवढ्यात मामा म्हणाले, थांबा. पंतांच्या हातातला बोरू त्यांनी मागून घेतला. पागोटं मागं सारलं, गुडघ्यावर बसले आणि आमच्या निशाणीखाली एक नांगर काढला. मोठा, रागीट, खोल फाळाचा. पंतांनी शेजारी लिहिलं, साक्ष. मग मामांनीच सरी घेऊन लेकीच्या गळ्यात घातली आणि बाहेर गेले. आम्ही बाहेर आलो तेव्हा ते पाखऱ्याच्या वशिंडावर हात फिरवत होते.

परतीची वाट मला सारी आठवते. लकडी पुलाच्या फळ्यांवर चाकांचा धडधडाट, खाली मुठेच्या डोहात पोहणारी पोरं, कोथरुडाच्या रानात मोहोराचा उग्र वास, आणि मागं बसलेलं माणूस काकणावरची शाई पदरानं पुसतंय. शाई निघाली नाही. घरी पाणी घेऊन हातपाय धुतले तरी निघाली नाही. मला इतका आनंद झाला होता की मी बैलांनाच ओरडून ओरडून सांगत होतो, नीट चाला रे, नीट चाला.

पुढं पेढीवर आमचं अवघड झालं. पुढच्या ठेवींनाही नमुना आता दोघांचा. मी एकटा गेलो की केसोपंत कागदावरून नजर न उचलता म्हणायचे, अर्धी निशाणी चालत नाही. मग दर खेपेला दोघांनी जायचं. कधी खरिपाची ओली माती पायांना, कधी संक्रांतीचे तीळ पदरात. ती काम आटोपून मंडईत भाव विचारत फिरायची, मी गाडीपाशी चिडचिड करायचो. चिडचिड वरवरची. पुढं निव्वळ हट्टानं मी गावच्या पंतोजींकडं जाऊन अक्षरं शिकलो, आमच्या निशाणीशेजारी पंतांनी काय लिहिलंय ते वाचायला. लिहिलं होतं, निशाणी नांगर, जुवास बांगडी. एवढंच वाचून मी शिकणं सोडलं. बाकीच्याची गरज नव्हती.

केसोपंत गेले. सावकार गेले. पेढी कुठं गेली, दफ्तरं कुठल्या वाळवीनं खाल्ली, मला ठाऊक नाही. सोन्या-पाखऱ्याच्या जागी किती जोड्या आल्या आणि गेल्या. नव्या कारकुनांना नांगर दाखवला तर ते हसतात. हसू देत.

हे लिहून झालं. खाली मी नांगर काढलाय. फाळ, रुमणं, हाळीस, जू, एक बैल. चिमा दोडक्याची पाटी घेऊन मंडईत गेलीय. म्हातारी झाली तरी ऐकत नाही, आणि विकल्याशिवाय परत फिरत नाही. दिवेलागणीला येईल. तोवर जुवाची ही बाजू मोकळी आहे, आणि तोवर हा कागद कच्चाच समजावा.